घराण्यातली दारू

आमच्या घराण्यात दारू आहे, असं मी वयाच्या पाचव्या वर्षापासून छाती काढून सांगत आलो आहे. म्हणजे तोफेची दारू. दारूगोळा म्हणतो ना आपण, त्यातली. आमचे पूर्वज दख्खनेतून फौजेबरोबर इकडे ग्वाल्हेरला आले आणि दारूखान्यावर नेमले गेले, एवढी दोन वाक्यं मला पाठ होती. शाळेतल्या मुलांना मी ती हिंदीत ऐकवायचो, 'हमारे पूर्वज दारूखाने पर थे', आणि ती विचारायची, दुकान अजून चालू आहे का. मी त्यांना अडाणी समजत असे. नक्की अडाणी कोण, हे कळायला मला त्रेसष्टावं वर्ष लागलं.

वडील गेल्यावर त्यांच्या पेटीत एक मोडी कागद सापडला. जाणकाराकडून वाचून घेतला. त्यात आमच्या मूळ पुरुषाचं काम स्वच्छ लिहिलं होतं: दारूखान्याच्या दाराशी बसून आत जाणारांच्या चिलमी काढून घेणे, व बाहेर येताना ज्याच्या त्यास परत देणे. माझी बायको शामला म्हणाली, "जबाबदारीचं काम होतं की." तिनं हे गंभीरपणे म्हटलं होतं की नाही, ते मी अजून विचारलेलं नाही.

मी मानसिंगराव भोईटे, राहणार माधवगंज. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली आणि बडे बाबू होऊन निवृत्त झालो. तलवार माझ्या हातात फोटोपुरतीच आली, पण अर्ज लिहावा तर मी. 'प्रार्थी' पासून 'विनयावनत' पर्यंत माझ्या मसुद्यात एका साहेबाला कधी काना बदलावा लागला नाही. या गोष्टीचा मला गर्व होता, आणि तो पुढे कसा उतरला तेच सांगायला बसलो आहे.

वडिलांचं पिस्तूल परवान्यासकट माझ्या नावावर आलं होतं. दर दसऱ्याला मी ते काढायचो, हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल वाहायचो आणि परत कपाटात ठेवायचो. अकरा वर्षांत एक गोळी उडवली नव्हती. निवृत्तीनंतर शामला म्हणाली, दिवसभर घरात बसून माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यापेक्षा बाहेर काही करा. म्हणून मी मुरारच्या एका नेमबाजी क्लबाचा सभासद झालो. पहिल्या दिवशी मी दहा गोळ्या उडवल्या. समोरच्या कागदाला त्यातली एकही लागली नाही. शेजारच्याच्या कागदाला दोन लागल्या आणि त्यानं माझे आभार मानले.

त्याच दिवशी मला क्लबाच्या मागची खोली दिसली. आत एक लांब मेज, त्यावर लोखंडी दांड्याचं एक यंत्र, काचेच्या पेटीत छोटा तराजू, आणि मेजाशी पाठ ताठ ठेवून बसलेला एक वाळका म्हातारा. उमाजी साळुंके. फौजेत शस्त्रं दुरुस्त करण्यात नोकरी झालेली, वय शहात्तर, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. उडवलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, तपासायच्या आणि परत भरून काडतुसं करायची, हे त्यांचं काम. इथे सगळे पुंगळीला खोखा म्हणतात. हे काम घरी करायची मुभा नाही. क्लबाला परवानगी होती, ती त्या खोलीपुरती आणि उमाजीकाकांच्या नावापुरती. घरी मुभा नाही ते फार बरं आहे, असं मी आता स्वतःला ओळखून म्हणतो.

पण त्या दिवशी माझ्या अंगात रक्त सळसळलं. दारूखाना आमच्या घराण्याचा, आणि भरणार हा म्हातारा. मी आत जाऊन मूळ पुरुषाची हकीकत सांगितली, चिलमींचा भाग वगळून, आणि म्हटलं, मला शिकवा. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी नवंकोरं खाकी जाकीट घातलं होतं, चौदा खिशांचं.

"बसून जा, साहेब," ते म्हणाले. "पहिले ते जाकीट काढा. इतक्या खिशात माणूस काय ठेवून विसरेल, भरोसा नाही."

मग त्यांनी माझ्यापुढे पुंगळ्यांची बादली आणि चिंचेचं पाणी ठेवलं.

दोन महिने मी पुंगळ्या धुतल्या. घरी देवाची भांडी शामला चिंचेनं घासते, त्या बाजूला मी जन्मात फिरकलो नव्हतो. पहिली खेप मी इतकी वेळ भिजत ठेवली की पितळ गुलाबी पडलं. ती अख्खी बादली काकांनी बाद केली, आणि बाद केली तीही बोलून नाही, नुसती दाराबाहेर ठेवून. उन्नतीनं, माझ्या मुलीनं, एकदा क्लबात येऊन माझा फोटो काढला आणि आईला दाखवला. तेव्हापासून घरचे तांब्या-पितळेचे तांबे माझ्याकडे आले. "आता तर आपको आता है ना, बाबा," असं ती म्हणाली. ती घरूनच कंपनीचं काम करते, म्हणून मला सुटकाही नव्हती.

काकांचे नियम थोडे होते. मेजाशी बोलायचं नाही. प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं आणि 'बघितलं' असं तोंडानं म्हणायचं, मग पुढची. शंभर असतील तर शंभर वेळा. आणि जो भरेल त्यानं आपली पहिली गोळी आपणच उडवायची, दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. या तिन्ही नियमांचं मला काही वाटलं नाही. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. काका दारूला 'मसाला' म्हणत. "मसाला सांभाळा." "मसाल्याचा डबा बंद करा." जशी काही मिसळ करायची आहे.

एक दिवस मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, शुद्ध मराठीत याला दारू म्हणतात. आपण मराठी माणसं, आपणच शब्द विसरलो तर कोण जपणार?"

काकांनी तराजूवरची नजर काढली नाही. "इथे मसालाच म्हणायचं, साहेब," ते म्हणाले. मला वाटलं, फौजेत राहून भाषा गेली बिचाऱ्याची. पुढे मी मुद्दाम त्यांच्यासमोर दारू दारू म्हणत राहिलो, म्हणजे ऐकून ऐकून सुधारतील. हे लिहितानाही माझे कान तापतात.

सहाव्या महिन्यात काकांच्या हाताचा कंप माझ्या लक्षात आला. बशीत चहा ओतताना कपाची किणकिण वाजली. त्यांनी बशी खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकतीस मार्चला माझा कागद संपून राहिला आहे. डॉक्टर आता नाही लिहून देणार. माझ्या जागी कोणाचं नाव नाही लागलं तर खोलीला कुलूप."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. घरी बसेन." त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. "घरी काय आहे साहेब माझ्याकडे?"

क्लबात सभासद पुष्कळ, पण त्या खोलीत सहा महिने टिकलेला मी एकटा. सचिवांनी मला विचारलं आणि मी हो म्हटलं. त्यांनी म्हटलं, अर्जाचा छापील नमुना आहे, तो भरून द्या. मी हसलो. बत्तीस वर्षं मी लोकांच्या छापील नमुन्यांची कीव केली होती. मी म्हटलं, अर्ज माझ्यावर सोडा.

घरी मी तीन दिवस खपलो. हिंदी अशी चढवली की वाचणाऱ्यानं उठून उभं राहावं. उतारा देतो, कारण लपवून आता उपयोग नाही: 'प्रार्थी के पूर्वज दारूखाने में पीढ़ियों तक सेवारत रहे। प्रार्थी स्वयं विगत छह मास से श्री उमाजी साळुंके के मार्गदर्शन में, मुरार स्थित क्लब के पृष्ठभाग के कक्ष में, दारू भरना सीख रहा है तथा अब यह कार्य स्वतंत्र रूप से करने का अभिलाषी है।' वाचून मला स्वतःलाच गहिवरून आलं. शामलाला वाचून दाखवला. ती भाजी निवडत होती. "छान आहे," ती म्हणाली. "पण दारू कशाला लिहिलंत?"

"घराण्याचा शब्द आहे," मी म्हणालो. तिनं पुढे काही विचारलं नाही, आणि याचा दोष मी बरेच दिवस तिला देत होतो.

अर्ज मार्चच्या एक तारखेला शस्त्रपरवान्यांच्या कचेरीत दिला. वीस दिवस उत्तर नाही. एकवीस तारखेला सकाळी अकराच्या सुमाराला एक धिप्पाड गृहस्थ फाइल घेऊन दारात उभे राहिले. नाव दौलतसिंह. "भोईटे जी आप ही हैं? आबकारी से आया हूँ। आपका आवेदन है।" आबकारी म्हणजे दारूबंदी आणि दारूच्या परवान्यांचं खातं, हे मला चांगलं माहीत होतं. पण परवान्यांची खाती एकमेकांत किती गुंतलेली असतात तेही मी बत्तीस वर्षं पाहिलं होतं. मला वाटलं, मसुदा वाचून मोठा माणूस स्वतः आला. मी शामलाला चहा टाकायला सांगितलं.

"कब से भर रहे हैं?" त्यांनी वही उघडली.

"छह महीने से। अभी सीख ही रहा हूँ," मी नम्रपणे म्हणालो.

"और ये उमाजी?"

"चालीस साल से। उनके हाथ का माल लेने दूर-दूर से लोग आते हैं।"

"खाली माल कहाँ से लाते हैं?"

"वहीं से। लोग खाली करके ज़मीन पर छोड़ जाते हैं, हम उठा लेते हैं। इमली से धोते हैं, फिर भर देते हैं। एक-एक पाँच-छह बार चल जाता है।"

दौलतसिंह लिहिता लिहिता थांबले. "और किसी को कुछ हो गया तो?"

"इसीलिए तो नियम है," मी अभिमानानं सांगितलं. "जो भरे, पहले वही चलाए।"

त्यांनी वही मिटली. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा सरळ माणूस पाहिला नव्हता, असं ते म्हणाले. मी हात जोडले. पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून कंपनीचं काम करत बसलेली उन्नती एवढ्यात बाहेर आली. फाइलीत वरच माझा अर्ज होता, तो तिनं उभ्या उभ्या वाचला आणि खुर्चीत बसली. आधी हसली. मग माझा चेहरा बघून हसायची थांबली. "अंकल, ये बारूद की बात कर रहे हैं," ती म्हणाली. "पिस्तौल के कारतूस। मराठी में बारूद को दारू कहते हैं। बाबा, तुम्ही पूरा हिंदीमध्ये लिहिलं आणि तोच एक शब्द मराठीत?"

दौलतसिंह हसतील असं मला वाटलं, मी तर हसायची तयारीही केली. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मुरार तो हमारे लोग सुबह ही निकल गए," ते म्हणाले.

मी रिक्षा करून पोचलो तेव्हा ते लोक परत गेलेले होते. त्यांना काही सापडायचं नव्हतंच. खोली बघून त्यांनाही घोटाळा कळला. पण कागद निघाला होता, तो पुरा करणं भाग होतं. चार सभासदांसमोर काकांचं कपाट उघडलं, तेलाच्या बाटलीचं बूच काढून वास घेतला, मग काकांनाही तोंड उघडायला लावून वास घेतला. जबाब लिहिला. काकांनी सही केली, ती कंपामुळे दोनदा करावी लागली. हे सगळं मला सचिवांनी सांगितलं. काका घरी निघून गेले होते, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मेजावर पुंगळ्या तशाच पडलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. मुरारच्या बाजारामागे दोन खोल्या. काकांनी दार उघडलं, "बसून जा, साहेब," म्हणाले, आणि पाणी आणलं. मी वाटेत एक भाषण तयार केलं होतं, त्यात 'अनवधान' हा शब्द दोनदा होता. तो मला एकदाही उच्चारता आला नाही. मी म्हटलं, "काका, माझी चूक झाली. मला फार लाज वाटते."

"गोविंद माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "इथे पडाव मोहल्ल्यात ट्रकवर होता. दारूनं गेला, बत्तिसाव्या वर्षी. आईनं तेव्हापासून तो शब्द घरात बोलू नाही दिला. दसऱ्याला वडिलांची बंदूक पुजायची, तरी ती म्हणायची, मसाल्याला हात लावू नका. मग मीपण तेच म्हणत आलो." त्यांनी हात मांडीखाली घेतले. "मी कधी शिवलो नाही साहेब त्याला. आणि काल माझं तोंड हुंगलं."

सहा महिने मी या माणसाला शुद्ध मराठी शिकवत होतो. मला रडू आलं, आणि मी रडलो. काकांनी मला थांबवलंही नाही. रडून झाल्यावर ते म्हणाले, "आता कागद घ्या. मी सांगतो तसं लिहा. तुमचं काही टाकू नका मध्ये."

त्यांनी सांगितलेला अर्ज चार ओळींचा होता. त्यात पूर्वज नव्हते. नाव, पत्ता, क्लब, आणि 'कारतूस में बारूद भरने का काम सीखा है'. मी विनयावनत लिहायला गेलो तर म्हणाले, "सही करा, पुरे." माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला मसुदा आहे.

तरी उशीर व्हायचा तो झालाच. पहिला अर्ज आबकारीतून शेरा होऊन परत आल्याशिवाय दुसरा पुढे सरकेना. दौलतसिंहांनी स्वतः दोन चकरा मारल्या, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. पण एकतीस मार्चला खोलीला कुलूप लागलं. एप्रिल आणि मे काका क्लबाच्या ओसरीत बंद दाराकडे पाठ करून बसत. मी रोज जाऊन शेजारी बसायचो. मला ते काही बोलत नसत, पण मी उशिरा गेलो तर घड्याळाकडे बघत. शामला माझ्याबरोबर त्यांचा डबा देई. डबा धुऊन परत येई, आणि पितळी असेल तर लखलखीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी आली, माझ्या नावाची. त्यात लिहिलं होतं की भरण्याच्या कामाला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. म्हणजे काकांनीसुद्धा. मी कुलूप काढलं. काका त्यांच्या जुन्या खुर्चीत बसले नाहीत, स्टूल ओढून कोपऱ्यात बसले. मी मेजाशी बसलो. तो सगळा वेळ मला त्यांची नजर मानेवर जाणवत होती. पाच पुंगळ्या घेतल्या. टॉर्च मारून प्रत्येक वेळी 'बघितलं' म्हटलं. प्रत्येक वेळी कोपऱ्यातून हलकेच हुंकार आला. पाच काडतुसं व्हायला मला पाऊण तास लागला. काकांना पाच मिनिटं लागत.

मग ती घेऊन आम्ही मैदानावर गेलो. जो भरेल त्यानं पहिली उडवायची. मी वडिलांचं पिस्तूल भरलं आणि उभा राहिलो, आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझं बोट चापापर्यंत जाईना. पुंगळीत काय जास्त पडलं असेल, काय कमी, चौदा खिशांतलं काय आत गेलं असेल, सगळं डोळ्यांपुढे आलं. मूळ पुरुषानं दारातच का बसून राहायचं ठरवलं असेल, ते मला त्या क्षणी नीट समजलं. मी पिस्तूल खाली ठेवलं.

"काका, माझ्यानं नाही होत."

काका उठले. क्लबाचे सभासद ते होतेच, पण गेली दोन वर्षं त्यांनी हातात पिस्तूल धरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. कानाला आवाज बंद करायचं यंत्र लावलं, डोळ्यांना चष्मा चढवला, आणि वाळूच्या पिशवीवर दोन्ही मनगटं टेकवून पिस्तूल उचललं. "काका, नियम," मी म्हणालो. त्यांना ऐकू आलं नसेल, किंवा आलंही असेल.

पाच आवाज झाले, पाचही सारखे. कागद कोरा राहिला. पाचही गोळ्या मागच्या मातीच्या बांधात गेल्या. काकांनी पिस्तूल रिकामं करून दाखवलं, खाली ठेवलं, आणि वाकून एकेक पुंगळी उचलली. प्रत्येक डोळ्यापाशी नेऊन फिरवून बघितली. मी मान खाली घालून उभा होतो.

त्यांनी पाचही पुंगळ्या माझ्या ओंजळीत घातल्या. अजून कोमट होत्या.

"निशाणा माझा गेला," काका म्हणाले. आजवर त्यांनी मला साहेब आणि तुम्ही सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. "दारू बरोबर भरतोस तू."